तीन दिवस थांबायला काय जातं?

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांबेल. ज्यांच्याकडे बेडरूमला अटॅच्ड बाथरूम काढायचं किंवा जुनं फोडून नवं करायचं चाललंय, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत मास्टर बेडरूमच्या बाथरूमचं काम चालू आहे. वॉटरप्रूफिंग सुकल्यावर काल संध्याकाळी, कुठे गळतंय का ते तपासायला, नहाणी ट्रॅपला (फरशीतल्या पाणी जायच्या भोकाला) बूच मारून दोन इंच पाणी भरलं होतं, भिंतीवर पातळीची पेन्सिलने खूण केली होती. आज दुपारी बघतो तर बूच काढलेलं, पाणी सोडलेलं आणि फरशीवाला मसाला कालवून बसलेला. कारण काय, तर त्याला परवापासून दुसऱ्या साइटवर जायचंय. आणि घरमालक म्हणतात, "एक रात्र ठेवलं ना पाणी, अजून किती ठेवायचं?"

७२ तास, साहेब. अगदीच घाई असेल तर ४८. पाणी स्लॅबमधून खाली उतरायला वेळ घेतं, एका रात्रीत ते काहीच सांगत नाही. शेजारी एका बादलीत पाणी ठेवून तिलाही खूण करायची. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ते उडून गेलेलं पाणी. खोलीतलं जास्त उतरलं तर गळती आहे. आणि खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन, बॅटरी मारून, संडासाचा चार इंची पाइप स्लॅबमधून जिथे खाली उतरतो ती जागा बघायची. दहातल्या नऊ वेळा पाणी तिथूनच येतं, कारण पाइपाभोवतीची फट साध्या सिमेंट-वाळूने भरलेली असते. ती सुकली की आकसते आणि केसाएवढी चीर सोडते. तिथे न आकसणारं ग्राउटच, म्हणजे फट भरायचा तयार मसालाच, लागतो. एक पिशवी ग्राउटचा प्रश्न असतो हो!

याच घरातलं कपाट बघायला हवं होतं तुम्ही. शॉवरच्या भिंतीला पाठ लावून उभं केलेलं. कपडे बाजूला केले तर मागची प्लाय फुगून तिचे पापुद्रे सुटलेले, बोट लावलं की काळा भुगा हातात. खणाच्या तळाशी रेशमी साड्यांना पिवळे डाग. म्हणजे ज्या गळतीमुळे लाखाच्या वर खर्च काढून हे बाथरूम फोडलं, तिचीच तपासणी अर्ध्यात सोडली. याला काय म्हणायचं?

पण मुळात चूक आधीच होते, घरी बसून प्लॅन ठरतो तेव्हा. लोक शोरूममधून सुरुवात करतात. टाइल्स ठरल्या, बेसिन ठरलं, शॉवर ठरला, आणि मग विचारतात की कमोड कुठे बसवायचं. उलटं करा. आधी बाहेरचा डक्ट, म्हणजे इमारतीचे पाइप जिथून खाली जातात ती उभी पोकळी, कुठे आहे ते बघा. कमोड त्या भिंतीला किंवा तिच्या जितकं जवळ जमेल तितकं. चार इंची पाइपाला ४० फुटांना एक फूट उतार धरा, म्हणजे दहा फुटांवरून न्यायचं तर तीन इंच उतारातच गेले. त्यात पाइपाची जाडी आणि बेंड धरला की एक फुटाचा सनकन, म्हणजे बाथरूमपुरता खाली घेतलेला स्लॅब, लागतो. तेवढा नसेल तर बाथरूमची फरशी उचलावी लागते आणि बेडरूममधून आत जायला पायरी येते. रात्री अडीच वाजता झोपेत उठलेल्या माणसाला पायरी!

फ्लॅटमध्ये जिथे बाथरूम नव्हतंच तिथे नवं काढणाऱ्यांना एकच सांगणं. खाली कुणाची तरी झोपायची खोली किंवा स्वयंपाकघर असेल, तर त्यांच्या डोक्यावर संडास करू नका. महापालिकेचे नियम आणि सोसायटीची परवानगी हा भाग आहेच, पण नियम नसते तरी आपण असं वागलो नसतो.

मापं. बाथरूम आणि संडास एकत्र असेल तर नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे कमीत कमी २.८ चौरस मीटर, म्हणजे ३० चौरस फूट, आणि रुंदी १.२ मीटरपेक्षा कमी नको. हे किमान झालं. सुखाने वावरायचं तर ५ बाय ८ फूट. दार पाच फुटांच्या बाजूला ठेवा, दाराजवळ बेसिन, मधे कमोड, टोकाला अंघोळीची जागा. बेसिनला दोन फूट, कमोडला अडीच, शॉवरला तीन. क्रम हाच ठेवा, कारण रात्रभर दाराकडचा भाग कोरडा राहतो. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत १५ इंच आणि समोर निदान दोन फूट मोकळं. त्याहून कमी केलंत तर गुडघे समोरच्या भिंतीला लागतात.

कमोड विकत घेऊन मगच पाइप ठरवा. एस-ट्रॅप (घाण खाली जमिनीत सोडणारा कमोड) असेल तर भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर कुठे ९ इंच, कुठे १२, कुठे ४ असतं, आणि ते तयार टाइलपासून मोजायचं, विटेपासून नाही. प्लास्टर आणि टाइल मिळून दीड इंच खातात. हे विसरलं की कमोडची टाकी भिंतीत घुसते किंवा कमोड पुढे सरकतं. मग प्लंबर मधे वाकडा जोड घालतो, आणि तिथेच आयुष्यभर तुंबतं.

सनकन भरतानाही विचार करा. ४० चौरस फुटांत एक फूट विटांचे तुकडे आणि मसाला भरला की जवळजवळ दोन टन वजन होतं. जुन्या इमारतीत हे सगळं स्लॅबवर. त्यापेक्षा सायपोरेक्सचे (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकचे) तुकडे भरा, वजन तिसऱ्या हिश्श्यावर येतं. वॉटरप्रूफिंग दोनदा करायचं, एकदा खाली स्लॅबवर आणि एकदा भराव झाल्यावर टाइलच्या खाली. लोक फक्त खालचं करतात. मग टाइलच्या सांध्यातून झिरपलेलं पाणी भरावात साठून राहतं, आणि वर सगळं कोरडं दिसत असताना खालच्यांच्या छताला ओल येते. खालच्या थरातून एक छोटा पाइप डक्टमध्ये काढून ठेवलात तर साठलेलं पाणी बाहेर पडतं आणि गळती सुरू झाली की कळतं तरी. कोपऱ्यात भिंत आणि जमीन मिळते तिथे वाटा मारायचा, म्हणजे मसाल्याने गोलाई द्यायची, कारण काटकोनात वॉटरप्रूफिंगचा कोट फाटतो. भिंतीवर कोट सगळीकडे एक फूट वर, शॉवरच्या बाजूला सात फूट. आज ज्या कपाटाचं सांगितलं, तिथे जुना कोट फक्त सहा इंच चढवलेला निघाला. आणि नव्याचं पाणी एका रात्रीत सोडून दिलं! लिहिताना परत संताप येतोय.

खर्च वाढतो, मान्य. तीन दिवस मजुरी अडकते, तेही मान्य. पण अडकलेली मजुरी आणि पुन्हा सगळं फोडायचा खर्च यांची बरोबरी करूच नका.

फरशीसाठी मोठ्या टाइल्सचा मोह आवरा. २ बाय ४ फुटांच्या टाइलला एका कोपऱ्यातल्या जाळीकडे उतार देता येत नाही, मधे पाणी थांबतंच. फूट बाय फूटची, खरखरीत, सांध्यात इपॉक्सी ग्राउट. उतार पाच फुटांना एक इंच. उंबरा ग्रॅनाइटचा, आणि आतली फरशी खोलीपेक्षा पाऊण इंच खाली. ट्रॅपमध्ये पाण्याची सील, म्हणजे वास अडवायला त्यात साठून राहणारं पाणी, ५० मिलिमीटरची असलेलाच घ्या. पाहुण्यांच्या खोलीतलं बाथरूम महिनाभर वापरलं नाही तर ती सील सुकते, आणि एक्झॉस्ट लावला की गटाराचा वास सरळ पलंगापर्यंत येतो. तिथे आठवड्याला एक तांब्या पाणी ओतायचं. एक्झॉस्टला हवा आत यायला दाराखाली अर्धा-पाऊण इंच फट लागते, नाहीतर पंखा नुसता फिरतो.

पाण्याचे पाइप भिंतीत गाडले की टाइल लावायच्या आधी प्रेशर टेस्ट करा, म्हणजे पाइपांत दाबाने पाणी भरून ठेवा, आणि रात्रभर दाबाचा काटा उतरतो का बघा. गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारा प्लास्टिकचा पाइप. डायव्हर्टरचा (गरम-गार पाणी मिसळून नळाला किंवा शॉवरला सोडणाऱ्या खटक्याचा) भिंतीतला डबा किती खोल बसवायचा ते त्याच्यावर लिहिलेलं असतं, ते टाइलच्या पातळीशी जुळवा. आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी पावसासारखा मोठा शॉवर घेण्याआधी टाकी किती उंच आहे ते बघावं. दहा फूट उंचीवरून जेमतेम ०.३ बार दाब मिळतो. पंप नसेल तर तो शॉवर नुसता ठिबकतो.

गिझरच्या बाबतीत एक शब्दही ऐकून घेणार नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच, अर्थिंग तपासून घेतलेलं, आणि स्विच बाथरूमच्या बाहेर. ओल्या अंगाचा माणूस आत असतो, एवढं ध्यानात ठेवा.

पलंगाच्या डोकीकडच्या भिंतीत संडासाचा पाइप येऊ देऊ नका. चार इंची भिंत आवाज अडवत नाही, पहाटे वरच्यांनी फ्लश केला की झोप मोडते. दारही पलंगासमोर उघडण्यापेक्षा जागा असेल तर कपाटांच्या बोळातून घ्या. आपली जुनी माणसं संडास झोपायच्या खोलीजवळ नको म्हणायची. ओल आणि वास यांच्या बाबतीत ती बरोबरच होती, एवढं कबूल करतो.

पण ज्यांचं वय झालंय, गुडघे गेलेत, त्यांच्यासाठी हेच बाथरूम केवढा आधार असतो. आई-वडिलांच्या खोलीला करत असाल तर जरा हळुवारपणे विचार करा. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं ठेवा. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगाला अडतं आणि आपल्याला आत जाता येत नाही. बाहेर उघडणारं दार खोलीतली जागा खातं, खाऊ दे. कडी बाहेरूनही उघडता येणारी हवी. कमोडशेजारी आणि शॉवरपाशी साधारण पावणेतीन फुटांवर धरायचे दांडे लावा, आणि ते विटेच्या भिंतीत फास्टनरने बसवा. सायपोरेक्सच्या भिंतीत साध्या गुट्ट्या (स्क्रूसाठी ठोकायचे प्लग) उपटून येतात, आणि त्या नेमक्या माणूस भार टाकतो तेव्हाच उपटतात. दाराजवळ एक मंद दिवा रात्रभर राहू द्या.

कोथरूडच्या त्या घरात फरशीवाल्याला थांबवलंय. पाणी परत भरलंय, आता रविवारपर्यंत हात लावायचा नाही असं घरमालकांकडून कबूल करून घेतलंय. चिडलेत. चिडू देत.

आणि हो, प्लास्टर व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीला टेप लावून उघड्या पाइपांचे आणि वायरच्या पट्ट्यांचे फोटो काढा. जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती, हे फोटोत वाचता आलं पाहिजे. उद्या टॉवेलची दांडी लावायला भोक पाडायचं झालं तर ते फोटो आधी उघडा.