‘तिसरी स्टेज, म्हणजे ऑपरेशन नाही’: फिरत्या मेसेजला उत्तर

फुप्फुसाच्या कॅन्सरबद्दलचा एक मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: तिसरी स्टेज म्हणजे ऑपरेशन नाही; पेट स्कॅनमध्ये (जास्त साखर खाणाऱ्या पेशी चमकताना दाखवणारी तपासणी) छातीतल्या गाठी चमकल्या की खेळ संपला; सुई किंवा चाकू लागला की कॅन्सर पसरतो; आणि डॉक्टर ‘ऑपरेशन नको’ म्हणाले तर त्यांनी हात टेकले, दुसरा सर्जन गाठा. पहिल्या वाक्याचं चौथ्याशी पटत नाही, पण मेसेज पुढे ढकलणाऱ्याला त्याचं काय!

‘तिसरी स्टेज म्हणजे ऑपरेशन नाही.’ तिसऱ्या स्टेजच्या पोटात फार वेगवेगळे पेशंट येतात. एकाची गाठ छातीच्या भिंतीत शिरलेली असते आणि फुप्फुसाच्या मुळाशी एखादी लसिकाग्रंथी बाधित असते; त्याचं ऑपरेशन बहुधा होऊ शकतं. दुसऱ्याच्या त्याच बाजूच्या, पण श्वासनलिकेलगतच्या ग्रंथीत कॅन्सर पोचलेला असतो. खरा खल होतो तो इथे. अशी ग्रंथी एकाच ठिकाणी आहे की अनेक ठिकाणी, हे २०२५पासूनच्या टीएनएम वर्गीकरणात (गाठ, ग्रंथी आणि दूरचा प्रसार पाहून स्टेज ठरवायची पद्धत) वेगळं मोजतात. तिसऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या किंवा गळपट्टीच्या हाडावरच्या ग्रंथी बाधित असतात. तिथे सर्जन सहसा हात घालत नाहीत. तिघांच्याही कागदावर ‘स्टेज तीन’च.

शिवाय गाठ निघते की नाही हा एक प्रश्न, आणि पेशंटला ती काढलेली झेपेल का हा दुसरा. दोन्ही फुप्फुसांचे मिळून साधारण १९ भाग धरतात. उजवा वरचा खंड काढला तर ३ जातात, अख्खं डावं फुप्फुस काढलं तर ९. आजची फुंकण्याची ताकद (जोरात फुंकून मोजलेली फुप्फुसाची क्षमता) घेऊन त्यातून जाणाऱ्या भागांचा वाटा वजा करतात. उरणारी ताकद अपेक्षेच्या ६० टक्क्यांखाली येत असेल, तर पेशंटला चालवून, जिना चढवून पाहतात.

‘पेटमध्ये चमकलं म्हणजे पसरलं.’ आपल्या देशात तर हे मुळीच धरून चालू नये. टीबीची ग्रंथीही पेटमध्ये झळकते. म्हणून श्वासनलिकेत दुर्बीण घालून, सोनोग्राफीत बघत त्या ग्रंथीतून सुईने नमुना घेतात; ही तपासणी म्हणजे ईबस. तो नमुना न घेता केवळ चमक बघून ऑपरेशन नाकारलं असेल, तर जरूर प्रश्न विचारा. उलटही खरं आहे: गाठ मोठी किंवा मध्याकडे असेल, तर न चमकलेल्या ग्रंथीही तपासाव्या लागतात.

‘चाकू लागला की पसरतो.’ नाही. पूर्वी पेट स्कॅन नव्हते, छाती उघडल्यावर पसरलेला रोग दिसायचा आणि आळ चाकूवर यायचा.

‘ऑपरेशन नाही म्हणजे हात टेकले.’ चारांतलं सर्वांत घातक वाक्य हे. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत (निष्कर्ष २००९) श्वासनलिकेलगतच्या ग्रंथी बाधित असलेल्यांना किमो-रेडिएशन दिलं आणि निम्म्यांचं पुढे ऑपरेशन केलं. एकूण आयुर्मानात ठळक फरक पडला नाही. अख्खं फुप्फुस काढलेल्या ५४ जणांपैकी १४ जण मात्र दगावले. दुसरीकडे, ऑपरेशन शक्य नसलेल्यांना किमो-रेडिएशननंतर डुर्व्हालुमॅब ही इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध) दिल्यावर पाच वर्षांनी शंभरातले सुमारे ४३ हयात होते. ती न मिळालेल्यांत ३३. याला हात टेकणं म्हणत नाहीत.

‘आधी किमो’ हीसुद्धा टाळाटाळ नव्हे. ज्यांचं ऑपरेशन शक्य होतं अशांना आधी किमोसोबत निव्होलुमॅब ही इम्युनोथेरपी दिल्यावर, काढलेल्या भागात व ग्रंथींत जिवंत कॅन्सर अजिबात न सापडलेले २४ टक्के निघाले. नुसत्या किमोवर २ टक्के. त्या चाचणीत ईजीएफआर किंवा एएलके हे जनुकीय बदल माहीत असलेले पेशंट घेतले नव्हते, म्हणून त्यांची तपासणी औषध ठरवण्याआधीच व्हायला हवी.

दुसरं मत अवश्य घ्या, पण ‘काढून देतो’ म्हणणारा सर्जन सापडेपर्यंत दारं ठोठावू नका. अर्धवट निघालेल्या गाठीचा फायदा नाही, आणि जखम भरेपर्यंत रेडिएशनही लांबतं. सर्जन, किमोवाले, रेडिएशनवाले आणि छातीचे डॉक्टर एकत्र बसून केस पाहतात त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. आपली केस तिथे ठेवली होती का, आणि ठेवली तेव्हा ईबसचा रिपोर्ट हातात होता का, एवढं विचारा.