कपाळावरचं आणि फॉर्मवरचं

सुट्टीत मायदेशी गेलो की वाचणाऱ्या मित्रांमध्ये एक वाद ठरलेला: हल्लीच्या कादंबऱ्यांतून गोष्टच गेली. एक जण म्हणतो, तीनशे पानं वाचली तरी घडलं काय ते सांगता येत नाही. दुसरा म्हणतो, आयुष्यात तरी कुठे गोष्ट असते? मी पहिल्यापासून दुसऱ्याच्या बाजूने. अजूनही आहे, पण कारण बदललंय.

बारा वर्षं मी इंग्रजीत राहतोय. इथे आयुष्य म्हणजे गोष्ट आणि तिचे लेखक तुम्हीच. नोकरीच्या मुलाखतीत, थेरपिस्टकडे, अगदी नुकती ओळख झालेला माणूसही म्हणतो, ‘तुमची गोष्ट सांगा.’ मराठीत मला हे कधी कोणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे रामकहाणी असते नाहीतर कर्मकहाणी. दोन्ही रडगाणीच, आणि लिहिणारा भलताच. सटवाई कपाळावर लिहून जाते. ज्याचं कपाळ, त्यालाच ते वाचता येत नाही! आपणच लेखक असल्याच्या त्या आत्मविश्वासापेक्षा मला हे जास्त कादंबरीसारखं वाटतं. पात्राला तरी पुढचं पान कुठे दिसतं?

इंग्रजीतही कुरकुरणारे आहेतच. शेक्सपिअरच्या मॅकबेथला आयुष्य ही मूर्खाने सांगितलेली कहाणी वाटते. लॉरेन्स स्टर्नच्या कादंबरीचा नायक ट्रिस्ट्रम शँडी १७५९ मध्ये आपलं चरित्र सांगायला बसला, तो तिसऱ्या खंडापर्यंत जन्मतच नाही. आणि गॅलन स्ट्रॉसन या तत्त्वज्ञाने २००४ मध्ये सरळ लिहून टाकलं की सगळेच जण आपलं आयुष्य गोष्टीसारखं जगत नाहीत, आणि त्यात काही बिघडत नाही.

मला हे पटलं ते एका सरकारी फॉर्मपुढे. मागच्या दहा वर्षांतले सगळे पत्ते, आणि तिथे काय करत होतो ते, तारखांसकट. मधे एक महिनाही मोकळा चालणार नाही. माझे चार महिने एका मित्राच्या सोफ्यावर गेले होते. त्यात काहीच घडलं नव्हतं. मी लिहिलं, ‘नोकरीचा शोध.’ ते इतकं चपखल बसलं की आता मलाही तसंच आठवतं. सलग गोष्ट सरकारी टेबलाला लागते. कादंबरीनेही तीच का मागावी?

हे सगळं मी गोष्टवाल्या मित्राला फोनवर ऐकवलं. तो हसला. म्हणाला, ‘‘पण ते चार महिनेही तू आत्ता गोष्ट करूनच सांगितलेस की!’’