जॅममध्ये सगळ्याच चुकांना मार्क कापत नाहीत

सांगलीतल्या बी.एस्सी.च्या ग्रुपवर जॅमबद्दल (आयआयटीसारख्या संस्थांतल्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) मेसेज फिरतोय: ‘एम.एस्सी. फिजिक्सच्या जॅमला प्रत्येक चुकीचे मार्क कापतात, टी.वाय.वाल्यांना बसता येत नाही.’ दोन्ही चूक. शेवटच्या वर्षाची पोरं खुशाल बसतात.

मार्क कापतात ते फक्त एकच पर्याय बरोबर असलेल्या ३० प्रश्नांत: १ मार्काच्या चुकीला एक तृतीयांश, २ मार्कांच्या चुकीला दोन तृतीयांश. एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकणारे १० आणि आकडा भरायचे २० प्रश्न, तिथे काहीच कापत नाहीत. (अर्धवट बरोबरला अर्धे मार्क मात्र नाहीत हं.) माझ्याकडे येणाऱ्या विश्रामबागच्या पोराने सराव पेपरात कच्च्या कागदावर ०.५३ काढलं आणि मार्क कापतील म्हणून चौकट कोरी ठेवली. उत्तर ०.५३च होतं!