घसा धरणारी हेल्दी अळूची भाजी: सोपी कृती

पाहुण्यांना घरचं, सात्त्विक, कमी तेलातलं जेवू घालायचं आणि त्या जेवणाची आठवण त्यांच्या घशात राहावी असं वाटत असेल, तर अळूला तोड नाही.

सुरुवात बाजारापासून. फिकट हिरव्या देठाचं अळू भाजीचं, काळपट जांभळ्या देठाचं वडीचं. भाजीवाल्या मावशी विचारतील, ‘वडीला की भाजीला?’ ‘काहीही चालेल’ म्हणा. खात्रीच करायची असेल तर सोसायटीच्या बागेतलं शोभेचं अळू तोडून आणा. दिसायला तसंच, शिवाय ऑरगॅनिक.

चिरताना हाताला तेल लावू नका. तेल म्हणजे कॅलरी. अळूच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सुयांच्या जुड्या भरलेल्या असतात. सुरी फिरली की पेशी फुटतात, सुया मोकळ्या होतात आणि बोटांच्या बेचक्यात खाज सुटते. ती सुटली म्हणजे माल अस्सल आहे. देठं सोलायचीही नाहीत. सालीत फायबर असतं, असं कुठल्याशा रीलमध्ये सांगितलेलं असतंच.

आता मुख्य काम: चिंच टाळणं. आठ-दहा पानांच्या भाजीला लिंबाएवढी चिंच, कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून, कोळ काढून, असा जुना हिशेब आहे. कोकणात चिंचेऐवजी आमसूल, कुठे आंबट ताक, पण काहीतरी आंबट घातल्याशिवाय जाणती बाई अळूला हात घालत नाही. ते चवीसाठी असतं अशी तुमची समजूत आहे ना? ती तशीच राहू द्या. चिंचेने सांधे धरतात म्हणून चिंच बाद, आणि चिंच नाही तर गुळाचं काय काम? गूळ म्हणजे साखरच. हरभरा डाळ आणि शेंगदाणे मात्र सढळ हाताने घाला, प्रोटीन आहे.

कुकरच्या तीन-चार शिट्ट्या, मग रवीने घोटणं, बेसन लावून पुन्हा रटरटू देणं, हे सगळं जीवनसत्त्वांच्या मुळावर उठलेलं आहे. तुम्ही पानं कढईत चार-पाच मिनिटं परता आणि हिरवागार रंग दिसला की गॅस बंद करा. सुया शिजवून विरघळत नाहीत, पण त्यांच्या जोडीला असलेलं झोंबरं प्रथिन बराच वेळ शिजल्यावर निकामी होतं. तेवढी उसंत त्याला द्यायची नाही.

वड्या करणार असाल तर पानामागच्या जाड शिरा तासू नका, लाटण्याने चेपूही नका. बेसनात चिंच-गुळाऐवजी ओट्स. गुंडाळी चाळणीवर वीस-पंचवीस मिनिटं वाफवायची पायरी गाळून थेट एअर फ्रायरमध्ये टाका. बाहेरून सोनेरी, आतल्या घड्या कच्च्या. फोटो उत्तम येतो. (कच्च्या अळूची ग्रीन स्मूदी करावी असं मनात आलं असेल, तर मात्र खरंच करू नका.)

ऋषिपंचमीच्या भाजीत हीच युक्ती वापरली तर दुप्पट फळ मिळतं, कारण त्याच पातेल्यात बहुधा सुरणही पडतो. तो अळूच्याच कुळातला, आणि सुयाही त्याच.

वाढताना घाई नको. पहिल्या घासाला ‘वा!’ येते. मग कोणीतरी खाकरतं, कोणीतरी पाण्याचा तांब्या ओढतं. पाण्याने काही होत नाही, म्हणून पाणी भरपूर ठेवा आणि दही, ताक, आमसूल फ्रीजच्या अगदी मागच्या कप्प्यात. आजी मात्र काही न बोलता उठेल आणि आमसूल शोधून तोंडात धरेल. तिला आवरणं कठीण आहे. मुतखड्याचा त्रास असलेले काका पान बाजूला सारतील, त्यांना आग्रह करा. कोणाची जीभ किंवा ओठ सुजले, श्वास अडायला लागला, तर मात्र गंमत संपली. ताबडतोब डॉक्टर गाठा.

भाजी उरेलच, भरपूर उरेल. दुसऱ्या दिवशी त्यात चिंचेचा कोळ घालून पंधरा-वीस मिनिटं चांगली उकळली, वर गूळ आणि मेथीदाण्याची फोडणी दिली, तर ती खाण्याजोगी होते. पण मग ती हेल्दी राहणार नाही.