कासवाचं आतडं आणि आत्याच्या उरलेल्या गोळ्या

मंगळवारी रात्री साडेनऊला आत्याचा फोन आला. "अगं, मागच्या पावसाळ्यात घसा धरला होता ना, तेव्हाच्या अझिथ्रोमायसिनच्या दोन गोळ्या उरल्यात. त्या चालतील का?" कशाला, तर या अँटिबायोटिकने आतडं साफ करायला. आत्या ६९ वर्षांची, साताऱ्यात एकटी राहते, तब्येत ठणठणीत. हे खूळ आलं व्हॉट्सॲपवरून.

"दीडशे वर्षं जगणाऱ्या कासवाचं गुपित सापडलं!" हा फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. त्याचं म्हणणं असं: कासव जगतं ते आतड्यातल्या जीवाणूंच्या जिवावर. शास्त्रज्ञांनी म्हाताऱ्या माशांना तरुण माशांचे जीवाणू दिले आणि त्यांचं आयुष्य दुप्पट झालं. दह्याने शंभरी गाठता येते हे सांगणाऱ्याला नोबेल मिळालं. तेव्हा पन्नाशीनंतर दरवर्षी अँटिबायोटिकचा कोर्स करून जुने जीवाणू काढा आणि २१ दिवस दही खाऊन नवे भरा. माझ्याकडे हे तीन ग्रुपांवरून आलं होतं. मी न वाचता पुसलं, ही माझी चूक.

कासवाचं आधी उरकते. सेंट हेलेना बेटावरचं जोनाथन नावाचं कासव १८८२ साली तिथे आणलं तेव्हाच पूर्ण वाढलेलं होतं, त्यामुळे त्याचं वय खरंच अचाट आहे. त्याच्या आतड्यात गवत आंबवणारे जीवाणू असतात हेही खरं. पण तसे ते सशाच्याही आतड्यात असतात, आणि ससा दहा-बारा वर्षांत आटोपतो. गोष्टीतली शर्यत कासवाने जिंकली, ती काही आतड्याच्या जोरावर नव्हे.

नोबेलची तर कमालच आहे. दह्याचे गोडवे गाणारे शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांना १९०८ साली ते मिळालं रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवल्याबद्दल. दह्याचा त्याच्याशी संबंध नाही. दह्याबद्दल ते बोलले हे खरं, पण आतड्यातल्या जीवाणूंबद्दल त्यांचं मत फॉरवर्डच्या उलट होतं. मोठ्या आतड्यातले जीवाणू अन्न कुजवतात, त्या विषाने माणूस म्हातारा होतो, आणि आंबट दूध त्यांना आवर घालतं, असं त्यांना वाटे. ते स्वतः नेमाने आंबट दूध पीत. १९१६ साली ७१ व्या वर्षी गेले.

आता मासे. हा प्रयोग खरा आहे, झक मारत कबूल करते. जर्मनीत कोलोन इथल्या माक्स प्लांक संस्थेत झाला, २०१७ साली प्रसिद्ध झाला. मासा आफ्रिकेतला टरक्वॉइझ किलिफिश. झिम्बाब्वे-मोझांबिकमधल्या पावसाळी डबक्यांत राहतो. डबकं आटायच्या आत जन्म, लग्न, बाळंतपण सगळं उरकायचं, म्हणून त्याचं आयुष्यच काही महिन्यांचं. साडेनऊ आठवड्यांचे, म्हणजे म्हातारे नव्हे तर मध्यमवयीन मासे घेतले. अँटिबायोटिकने त्यांचं आतडं रिकामं केलं आणि सहा आठवड्यांच्या माशांच्या आतड्यातला ऐवज त्यांच्या पाण्यात सोडला. समवयस्कांचे जीवाणू मिळालेल्या माशांपेक्षा हे सुमारे ४० टक्के जास्त जगले. दुप्पट नव्हे. नुसतं अँटिबायोटिक मिळालेले मासेही थोडे जास्त जगले, हेही सांगून टाकते, नाहीतर कोणीतरी ते शोधून माझ्याच तोंडावर मारेल. पण ते सगळे प्रयोगशाळेतल्या टाकीत होते. आणि त्यांना दिला तो तरुण माशांच्या आतड्यातला अख्खा गोतावळा. वाटीभर दही म्हणजे तो नव्हे. दह्यातले बहुतेक जीवाणू पाहुण्यासारखे येतात नि निघून जातात. दूध न पचणाऱ्यांना दही पचतं, तेवढा गुण त्याचा पक्का.

मला राग आहे तो शेवटच्या मुद्द्याचा. अँटिबायोटिकला जुना-नवा जीवाणू कळत नाही. ते चांगल्या वस्तीवरही नांगर फिरवतं. मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल नावाचा जीवाणू माजला तर जुलाब थांबता थांबत नाहीत, आणि साठीपुढच्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. हा आजार पुन्हा पुन्हा उलटला तर डॉक्टर निरोगी माणसाच्या विष्ठेतले जीवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडतात. म्हणजे ज्या 'जीवाणू बदला'चं फॉरवर्ड कौतुक करतो, तो उपाय मुख्यतः वापरला जातो अँटिबायोटिकने केलेली नासधूस निस्तरायला! शिवाय जे जीवाणू गोळीला पुरून उरतात ते घरात, गटारात पसरतात. मग खरा न्यूमोनिया झाला की गोळी लागू पडेलच असं नाही. आत्याच्या दोन गोळ्यांत तर धड कोर्सही नव्हता.

"पाकिटावर लाल रेघ आहे का बघ," मी म्हटलं. चष्मा शोधण्यात पाच मिनिटं गेली. "आहे गं, उभी." ती रेघ डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका हे सांगायलाच असते, हे तिला पहिल्यांदाच कळलं. गोळ्या तिने बाजूला ठेवल्या.

मग हळूच म्हणाली, "पण मी तो मेसेज भिशीच्या ग्रुपवर टाकलाय. अठ्ठावीस जणी आहेत. कुलकर्णीबाईंनी तर कालच सुरू केलं."

कुलकर्णीबाईंना फोन आत्यानेच केला, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला. बाकीच्यांसाठी हे लिहिलंय.