‘वरून आले की देतो’

पूर्वी माझ्याकडे हेल्पर असलेला पोरगा आज सकाळी आला होता. आता स्वतः वायरिंगची कामं घेतो. चार महिन्यांचं बिल अडकलंय, लेबरचा पगार भागवायला बायकोचे दागिने गहाण टाकलेत. आणि मेन कॉन्ट्रॅक्टर काय म्हणतो? ‘वरून आले की देतो.’ म्हणजे मालकाने त्याला पैसे दिले की मग. डोकंच फिरलं माझं.

हेच वाक्य मी माझ्या मेन कॉन्ट्रॅक्टरकडून तीन वर्षं ऐकलंय. ज्या केबिनमध्ये बसवून मला ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणायचे, त्या केबिनमधला पॉइंट अन् पॉइंट मी काढलेला. डोक्यावरचा पंखासुद्धा मीच टांगलेला. त्या पंख्याखाली बसून स्वतःच्याच पैशांसाठी हात पसरायचे!

अरे, माझी वर्क ऑर्डर तुझ्या सहीची आहे ना? मालकाशी माझा कागद नाही म्हणून मी त्याच्या दारात जाऊ शकत नाही. मग तूही त्याच्याकडे बोट दाखवू नकोस. बरं, कधीकधी यांचेही खरंच अडकलेले असतात, मान्य. पण यांच्या गाडीचा हप्ता कधी थांबलेला पाहिलाय?

कायदा नाही असं नाही. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात लहान उद्योगाचं बिल, करारात काहीही लिहिलेलं असो, ४५ दिवसांच्या आत द्यायचं असतं. लेखी करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला की रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या ‘बँक रेट’ या व्याजदराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशा थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी परिषदेकडे, तक्रार करता येते, आणि तिच्या निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर समोरच्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. हे वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. पण उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, काम घेण्याआधीची हवी, नाहीतर तिथेच वाद. आणि ‘वर्क्स कॉन्ट्रॅक्टला (माल आणि मजुरी एकत्र असलेल्या कामाला) हा कायदा लागू नाही’ असेही निकाल आलेत, त्यामुळे वकिलाला वर्क ऑर्डर दाखवल्याशिवाय उड्या मारू नका.

चेक दिला असेल आणि तो परत आला, तर बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस. मग त्याला पैसे द्यायला १५ दिवस. हे चुकवू नका. दिवाळखोरी कायद्याखाली कंपनीविरुद्ध जायचं तर २०२० पासून थकबाकी किमान एक कोटीची लागते, ते आपलं काम नव्हे.

माझं काय झालं सांगतो. मी ‘संबंध’ जपले. काम झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावायचा असतो, किंवा त्या तीन वर्षांत समोरच्याकडून ‘इतकं देणं बाकी’ असं लिहून घ्यायचं, म्हणजे मुदत नव्याने सुरू होते. मला प्रत्येक वेळी नुसता तोंडी शब्द. मी त्या पंख्याखाली बसून मान डोलावत राहिलो आणि मुदत गेली. त्यांनी फसवलं खरं, पण चौथ्या वर्षीही त्यांच्याच साइटवर काम घेणारा मूर्ख मीच होतो.

पोरगा जाताना म्हणाला, “काका, नोटीस दिली तर पुढचं काम जाईल ना?”

जाईल. खोटं कशाला बोलू? मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण त्याच्या हातावर अजून पट्टी होती, पाइप कापताना लागलेली. एवढंच विचारलं, मेजरमेंट शीटवर, झालेल्या कामाच्या मोजमापाच्या कागदावर, साइट इंजिनिअरची सही आहे का? आहे म्हणाला. उद्या सगळे कागद घेऊन येतोय.