गोधडी होऊ न देण्याचे खात्रीशीर उपाय

जुने कपडे संपवायचे असतील तर गोधडी शिवा, असा सल्ला देणाऱ्यांचा सध्या सुळसुळाट झाला आहे. त्यांच्या नादी लागू नका. आजेसासूबाईंची दोन नऊवारी लुगडी, आहेरात आलेल्या आणि पुढे कोणाला देता न आलेल्या साड्या, 'घरात नेसायला होतील' म्हणून ठेवलेल्या आणि गाऊन आल्यापासून कोणीच न नेसलेल्या साड्या, विटलेली धोतरं, मुलांची दुपटी. एवढी इस्टेट जमायला दोन पिढ्या खपल्या. ती एका हिवाळ्यात कात्रीखाली घालायची म्हणजे काय!

पहिली काळजी अशी घ्या की हिशेब करायचा नाही. हिशेब फार सोपा निघतो आणि मग सबब उरत नाही. साडेपाच मीटरच्या सुती साडीचे १३५ सेंटिमीटरचे चार तुकडे पडतात. पन्हा साधारण ४५ इंची. दोन-दोन तुकडे काठाला काठ जोडले की एका साडीत एका माणसाच्या गोधडीचे दोन थर तयार. तीन साड्यांत सहा थर, म्हणजे चार फूट बाय साडेसहा फुटांची पुरी गोधडी. लुगडं तर आणखी घातक. सव्वाआठ मीटरमध्ये तसे सहा तुकडे, म्हणजे तीन थर, म्हणजे दोन लुगड्यांत काम फत्ते. हे एकदा कळलं की 'अजून पुरेसं कापड जमलं नाही' हे वाक्य तोंडातून निघत नाही. वर्षानुवर्षं उपयोगी पडलेलं वाक्य असं हातचं घालवू नका.

दरम्यान साठ्याची निगा राखा. साड्या खळ घालून, कडक इस्त्री करून ठेवा. कसरीला खळ फार आवडते, तिचीही सोय होईल. पॉलिथिनच्या पिशवीत घट्ट बांधा, म्हणजे कोकणात असाल तर पहिल्याच पावसाळ्यात बुरशीची नक्षी मिळेल. घड्या कधीही बदलू नका. जुनी रेशमी साडी घडीवरच चिरते, आणि चिरलेली साडी कापायला कोणाचाच हात धजत नाही. बोहारणीला मात्र दारात उभं करू नका. स्टीलच्या एका पातेल्यासाठी ती अर्धं कपाट रिकामं करून जाईल.

ब्लाऊजपीसचा प्रश्न स्वतंत्र आहे. ओटीत आलेला पीस हा मुळात तुमचा नसतोच, तो पुढच्या हळदीकुंकवापर्यंत तुमच्याकडे मुक्कामाला असतो. तो कापलात तर तालुक्यातली साखळी तुटेल. त्यातले सुती टू बाय टू आणि खणाचे पीस वरच्या थरात चौकोन लावायला उत्तम असतात, ही माहिती गुप्त ठेवा. चकचकीत पॉलिस्टरचे असतात ते तर इस्त्री लागताच आक्रसतात. चौकोन लावायचेच झाले तर हेच निवडा.

इतकं सांभाळूनही घरातल्या कोणाला हुरूप आलाच, तर कापडनिवडीतच घोळ घालता येतो. सगळं एकत्र करायचं. कोपऱ्यातला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळला की कळतं: सुती धागा कागदासारखा जळून राख होते, कृत्रिम धागा वितळून टणक मणी होतो. ही परीक्षा टाळा. जॉर्जेट मऊ सुतीशेजारी लावा, ते शिवताना निसटतं, ताणलं जातं आणि टाक्याटाक्याला चुणी पडते. आत एखादं टेरिकॉट घाला, म्हणजे पांघरणाऱ्याला पहाटे घाम फुटेल. जरीचा काठ गळ्याकडच्या बाजूला ठेवा. जीन्सचे तुकडेही घाला. त्यांच्या शिवणीवर सुई मोडते आणि काम आठवडाभर बंद पडतं. साडीचे फॉल उसवू नका, तेवढाच चार इंची पट्टा जाड राहील.

लाल, निळं काही असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग जातो का ते बघायचं नाही. पहिल्या धुण्यात सगळी गोधडी एकरंगी झाली की घरात एकोपा दिसतो. तळाला दुकानातून नवाकोरा मांजरपाट आणा आणि न धुताच लावा. नवं सुती कापड शेकडा तीन-चार टक्के आटतं, म्हणजे दोन मीटरला सहा-आठ सेंटिमीटर. वरच्या जुन्या साड्या तेवढ्या आटून झालेल्या असतात, त्या आटत नाहीत. मग खालचा थर खेचतो आणि वर फुगे येतात.

आता थर मांडणं. इथे खरी करामत आहे. तुकडे जोडल्यावर थराची लांबी सव्वादोन मीटरच्या आसपास भरते, आणि हवी असते दोन मीटर. जाणती बाई जादाचं कापड एका थराच्या उजव्या टोकाला कापते, पुढच्याच्या डाव्या. त्यामुळे जोड एकमेकांखाली येत नाहीत. तुम्ही दोन्हीकडून सारखं कापा. सगळे जोड बरोब्बर मधोमध, एकाखाली एक येतील, आणि सहा जोडांचा उंचवटा झोपणाऱ्याच्या कमरेखाली जाईल. तळाचा थर चहूबाजूंनी दोन-दोन इंच मोठा ठेवून तो वर दुमडला की कड पक्की होते. तुम्ही सगळे थर सारखेच कापा. मग कडेसाठी पट्टी शोधावी लागेल, आणि पट्टीच्या शोधात तीन महिने आरामात जातात.

विरलेला भाग कुठे आहे हे उजेडात धरून बघू नका. बसण्याच्या जागी साडी जाळीदार झालेली असते, काठ आणि पदर धड असतात. म्हणून विरलेलं आत आणि धड वर, अशी जुनी रीत. उलट करा.

कच्चा टाका घालण्यात वेळ दवडू नका. थर जमिनीवर ताणून, कोपऱ्यांवर वजनं ठेवून, मध्यापासून कडेकडे वीतभर अंतरावर कच्चे टाके घातले तर सहाही थर जागचे हलत नाहीत. ते घातले नाहीत की प्रत्येक ओळीगणिक वरचा थर थोडा सरकतो, आणि शेवटी मधोमध एक फुगा उरतो जो कोणत्याही उपायाने जिरत नाही. मांडी घालून, गोधडी मांडीवर ओढून शिवलीत तर फुगा लवकर येतो. साध्या शिलाई मशीनवर घातलीत तर आणखी लवकर: मशीनचे दाते खालचं कापड पुढे ढकलतात, वरचं कापड दाबून धरणाऱ्या दट्ट्याखाली मागे राहतं.

दोरा वावभर घ्या. ओवण्याचा त्रास वाचतो असं वाटतं. हातभर दोऱ्याला गुंता होत नाही, वावभराला दर चौथ्या टाक्याला गाठ बसते आणि कापडातून पुन्हापुन्हा जाऊन शेपटाकडे त्याचा पिसारा होतो. दोरा पॉलिस्टरचाच घ्या, न तुटणारा. ताण आला की सुती दोरा स्वतः तुटतो आणि दहा मिनिटांत पुन्हा घालता येतो. न तुटणारा दोरा जुनं लुगडंच फाडतो. ओळी बोटभर अंतरावर घालायच्या म्हणाल तर साठेक ओळी होतात, दोन-दोन मीटरच्या. टाक्यात जाणारा धरून दोरा दीडशे मीटरच्या आत-बाहेर. आकडा ऐकून घाबरला असाल तर उत्तम, ओळी चार-चार बोटांवर घ्या. मग आतले थर धुताना गोळा होतील आणि एका कोपऱ्यात जाऊन बसतील. गाठी थरांच्या आत लपवू नका, वर राहू द्या. लहान मुलांना ओढायला काहीतरी हवंच.

पैसे देऊन शिवून घ्यायचा विचार असेल तर सावध राहा. गोधड्या शिवणाऱ्या बायका पिशवी उघडतात, कापड दोन बोटांत चोळतात आणि निम्मं परत करतात. हा अपमान कशाला?

आणि तरीही गोधडी झालीच, तर नवरात्राआधीच्या धुण्यात ती ओलीचिंब एकाच दोरीवर मधोमध टांगा. सगळं पाणी खाली उतरतं, सगळा भार दोरीवरच्या टाक्यांवर येतो. दोन दोऱ्यांवर पसरण्याइतकी जागा कुणाकडे असते!

काही वर्षांनी वरचा थर विरेल. तेव्हा काही जण जुनी गोधडी तशीच आत घालून वरखाली एकेक नवा थर लावतात, मोठी सुई घेऊन विरळ टाके घालतात, आणि ती पुन्हा दहा-पंधरा हिवाळे चालते. एवढं मात्र बिनधास्त करा. त्यात फक्त एकच साडी खपते.